परदेशी निघताना राजकीय पोस्टचं काय करायचं: तयारीपासून परतीच्या काउंटरपर्यंत

सहारच्या टी-टूवर, म्हणजे मुंबई विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलवर, इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहून घाईघाईने फेसबुकच्या पोस्ट उडवणारी माणसं मी पाहिली आहेत. दादरला व्हिसाची कागदपत्रं करून देण्याचा माझा धंदा. हल्ली गिऱ्हाईक फोटोचा साइज विचारतं आणि त्याच दमात आवाज खाली आणून म्हणतं, "मी त्या साहेबांवर जरा खरमरीत लिहिलं होतं. काही होईल का हो?" प्रश्न रास्त असतो, वेळ चुकलेली असते. तिकीट निघालेलं, हॉटेलचे पैसे भरलेले, निघायला दोन दिवस. मग जे करायचं ते उलट्या क्रमाने होतं: आधी खोडाखोड, मग घबराट, आणि शेवटी वकील.

म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. निदान तीन आठवडे हातात ठेवा. तुमच्यावर आधीच तक्रार झालेली असेल, तर दुसरा टप्पा वाचून थांबा आणि वकिलाकडे जा. हा लेख वकिलाची जागा घेऊ शकत नाही.

## टप्पा १ : कोणते कायदे लागू होतात ते वेगवेगळे लिहून काढा

एक कोरा कागद घ्या. त्यावर तीन नावं लिहा: जिथे जाताय तो देश, विमान जिथे बदलणार तो देश, आणि भारत. मधलं नाव लोक हमखास विसरतात. मुंबईहून अमेरिकेला किंवा युरोपला जाणारे कितीतरी जण दुबई, अबुधाबी, दोहा नाहीतर जेद्दाहला विमान बदलतात. तिथे चार तास बसलात, तरी ते चार तास तुम्ही तिथल्या कायद्याखाली बसलेले असता. अबुधाबीत तर अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तिथल्याच विमानतळावर होते. म्हणजे एकाच इमारतीत दोन देशांचे अधिकारी.

कागद झाला, की पुढच्या तीन गैरसमजांवर फुली मारा.

"मी ते मुंबईत बसून लिहिलं होतं." कुठे बसून लिहिलं याला फारसं महत्त्व नाही, कुठे सापडलात याला आहे. थायलंडमध्ये जन्मलेल्या एका अमेरिकन नागरिकाने अमेरिकेत बसून राजावरच्या बंदी असलेल्या पुस्तकाचा अनुवाद इंटरनेटवर टाकला. तो थायलंडला गेला तेव्हा २०११ मध्ये त्याला अटक झाली आणि अडीच वर्षांची शिक्षा लागली. पुढच्या वर्षी राजाने माफी दिली म्हणून तो सुटला. हाँगकाँगच्या एका विद्यार्थिनीने जपानमध्ये शिकत असताना पोस्ट टाकल्या होत्या. त्याबद्दल तिला २०२३ मध्ये, घरी परतल्यावर, दोन महिन्यांची कैद झाली. दुबईचं एक प्रकरण तर राजकीयही नव्हतं. एका ब्रिटिश बाईने २०१६ मध्ये इंग्लंडमधून फेसबुकवर आधीच्या नवऱ्याच्या नव्या बायकोला टोमणा मारला होता. २०१९ मध्ये त्याच नवऱ्याच्या अंत्यविधीला ती दुबईत उतरली आणि विमानतळावरच तिला धरलं. शेवटी दंडावर सुटली, पण त्याआधी कित्येक आठवडे तिथेच अडकून पडली.

"मी त्यांच्या राजाबद्दल कुठे बोलतोय? मी तर आपल्याच नेत्याबद्दल बोललो." जुलै २०२४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत ५७ बांगलादेशींना शिक्षा झाल्या. तिघांना जन्मठेप, बाकीच्यांना दहा-अकरा वर्षं. त्यांनी निदर्शनं केली होती ती स्वतःच्या देशातल्या सरकारविरुद्ध. सप्टेंबरात त्यांना माफी मिळाली, पण हातातली नोकरी आणि व्हिसा काही परत आला नाही. एप्रिल २०२२ मध्ये मदिनेच्या मशिदीत आपल्याच पंतप्रधानांविरुद्ध घोषणा देणाऱ्या पाकिस्तानी यात्रेकरूंनाही सौदीत अटक झाली होती. उमराहला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

"मी लिहिलं नाही, फक्त शेअर केलं." थायलंडमधल्या एका विद्यार्थी कार्यकर्त्याने नव्या राजावरचा बीबीसीचा लेख शेअर केला होता. २०१७ मध्ये त्याला अडीच वर्षांची शिक्षा झाली. लेख बीबीसीचा होता, तुरुंगात तो गेला.

> तपासा: तिकिटावरचे सगळे थांबे कागदावर आले का? ट्रॅव्हल एजंटने मागाहून फ्लाइट बदलली असेल, तर थांबाही बदललेला असू शकतो.

## टप्पा २ : आधी भारतातली बाजू पाहा, खोडाखोड नंतर

बहुतेकांचा क्रम चुकतो तो इथेच. भीती वाटली की माणूस पहिल्यांदा पोस्ट उडवतो. पण त्या पोस्टवर आधीच तक्रार झालेली असेल आणि ते तुम्हाला माहीत असेल, तर पोस्ट उडवणं म्हणजे पुरावा नष्ट करणं असा अर्थ काढता येतो. पुरावा म्हणून सादर होऊ नये या हेतूने इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंडविधानाच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम २४१ खाली वेगळाच गुन्हा आहे. मूळ पोस्टमध्ये कदाचित काहीच दम नसतो. हे मागाहून केलेलं कृत्य मात्र अंगावर येतं.

म्हणून निघण्याच्या तीन आठवडे आधी एवढं करा:

1. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रसिद्ध झालेले एफआयआर पाहता येतात. तुमचं पोलीस ठाणं पाहाच, पण ज्या नेत्याबद्दल लिहिलं त्याच्या गावचं, मतदारसंघाचं ठाणंही पाहा. फिर्याद कार्यकर्ता देतो आणि तो त्याच्या घराजवळच्या ठाण्यात जातो. २०२२ मध्ये एका मराठी अभिनेत्रीच्या एकाच फेसबुक पोस्टवर राज्यात निरनिराळ्या ठिकाणी गुन्हे दाखल झाले होते आणि तिला महिन्याहून जास्त काळ कोठडीत काढावा लागला होता. संवेदनशील ठरवलेले एफआयआर पोर्टलवर टाकत नाहीत. तेव्हा तिथे नाव दिसलं नाही म्हणजे नक्की काही नाही, असं समजू नका.
2. जुना पत्ता, गावचं घर, वडिलांच्या नावावरचा फ्लॅट, जिथे जिथे तुमच्या नावाने टपाल येऊ शकतं तिथे विचारा. चौकशीला हजर राहण्याची नोटीस (फौजदारी कामकाजाच्या कायद्याचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम ३५) अशाच एखाद्या पत्त्यावर पडून राहते आणि शेजारी ती लाइटबिलाच्या गठ्ठ्यात ठेवून देतात.
3. नोटीस मिळाली असेल तर हजर न राहता विमानात बसू नका. हजर राहिलं नाही की पुढची पायरी बहुधा लुकआउट सर्क्युलर असते.

लुकआउट सर्क्युलर म्हणजे एलओसी. तपास यंत्रणा इमिग्रेशनला कळवते, की हा माणूस दिसला तर अडवा किंवा आम्हाला सांगा. ते निघालं की तुम्हाला पत्र येत नाही. कळतं ते काउंटरवर, पासपोर्ट स्कॅन झाल्यावर अधिकारी स्क्रीनकडे जरा जास्त वेळ बघायला लागला की. जाताना कळतं तसंच येतानाही कळू शकतं.

परदेशात बसून लिहिलं म्हणून आपला कायदा सुटत नाही. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि भारतीय नागरिकाने भारताबाहेर केलेल्या कृत्यालाही ती लागू होते. फक्त पूर्णपणे बाहेर घडलेल्या गुन्ह्याची चौकशी किंवा खटला चालवायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते (नागरिक सुरक्षा संहिता, कलम २०८). हा मुद्दा तुमच्या वकिलाच्या उपयोगाचा आहे, काउंटरवरच्या अधिकाऱ्याशी वाद घालण्याच्या नाही.

साधी बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. म्हणून फिर्यादीत सहसा दुसरी कलमं जोडतात: गटागटांत तेढ (न्याय संहितेचं कलम १९६), अफवा किंवा खोट्या माहितीतून सार्वजनिक शांतता बिघडवणं (३५३). एफआयआरची प्रत हाती आली की आधी कलमं बघा. कोणती कलमं आहेत आणि कमाल शिक्षा किती, यावरून वकील अटकपूर्व जामिनाचं ठरवतो. तो अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली होतो.

नातेवाईकांपैकी कोणी परदेशी नागरिक असेल आणि ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डावर) येत असेल, तर त्याच्यासाठी एक जादा धोका: नागरिकत्व कायद्याच्या कलम ७ड खाली ते कार्ड रद्द होऊ शकतं. सुट्टीला आलेल्या पुतण्याला गणपतीच्या गर्दीत हे सांगायचं राहून जातं.

> सावध: तक्रार, नोटीस, एफआयआर यांपैकी काहीही सापडलं तर पुढचे टप्पे तिथेच थांबवा. फोन जसा आहे तसा ठेवा, पोस्टला हात लावू नका, वकील गाठा.

## टप्पा ३ : ठिकाण किती तापट आहे ते ओळखा

सगळे देश सारखे नाहीत. मुंबईकर जिथे भरपूर जातात त्या दोन ठिकाणांकडे जास्त लक्ष द्या.

संयुक्त अरब अमिराती. २०२१ चा सायबर गुन्ह्यांचा कायदा २ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. अफवा किंवा खोटी बातमी पसरवली तर निदान एक वर्ष कैद आणि एक लाख दिरहम दंड. साथ किंवा संकटाच्या काळात दोन्ही दुप्पट. ऑनलाइन कुणाला शिवीगाळ केली, तर दंड अडीच ते पाच लाख दिरहम. 'कुणाला' म्हणजे कुणालाही, त्यात रिसेप्शनिस्टही आली. परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो काढून टाकला तरी गुन्हा. आपले लोक म्हणतात, व्हीपीएन (इंटरनेटवर आपला ठावठिकाणा लपवणारी सोय) लावला की झालं. गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी व्हीपीएन वापरला तर दंडच पाच ते वीस लाख दिरहम आहे. राज्यकर्ते, झेंडा, धर्म, मित्रदेश यांच्यावरची टीका तिथे 'मत' या खात्यात पडत नाही. एप्रिल २०२० मध्ये धर्मावरून द्वेषाच्या पोस्ट टाकणाऱ्या काही भारतीयांच्या तिथे नोकऱ्या गेल्या, तेव्हा आपल्या राजदूतांनाही जाहीरपणे समज द्यावी लागली होती.

थायलंड. पंतप्रधान आणि राजा यांत फरक करायला शिका. पंतप्रधानांवर टीका केली तर साधारण बदनामीचा कायदा, तोही फौजदारीच. राजा, राणी, युवराज यांच्याबद्दल बोललात तर कलम ११२, दर गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षं. दर पोस्ट हा वेगळा गुन्हा धरतात, म्हणून आकडे वाढत जातात. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने फेसबुक पोस्टवरून एका माणसाची शिक्षा ५० वर्षांवर नेली. फिर्याद कोणीही देऊ शकतं, शेजारच्या टेबलावर बसलेला माणूससुद्धा. एप्रिल २०२५ मध्ये तिथे वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या एका अमेरिकन प्राध्यापकालाही याच कलमाखाली अटक झाली होती. पुढे खटला सोडून दिला गेला. पटायातला रीलवाला मित्र राजाच्या फोटोसमोर 'कॉमेडी' करायला लागला तर त्याच्या हातातला फोन काढून घ्या. मैत्री नंतर सांभाळता येईल.

बाकीचे थोडक्यात. सौदीचा २००७ चा कायदा सार्वजनिक व्यवस्था आणि धर्ममूल्यांना धक्का देणाऱ्या मजकुराला पाच वर्षं आणि तीस लाख रियालपर्यंत दंड देतो, आणि दहशतवादविरोधी कायदा जोडला की आकडा कुठल्या कुठे जातो. तुर्कस्तानात राष्ट्राध्यक्षांचा अपमान केल्यास एक ते चार वर्षं. व्हिएतनामचं कलम ३३१ ('लोकशाही स्वातंत्र्याचा गैरवापर') सात वर्षांपर्यंत जातं. मलेशियात वंश, धर्म आणि राजघराणं या तीन विषयांना हात लावायचा नाही. सिंगापूरमध्ये पोस्टपेक्षा फलक महागात पडतो: परवानगीशिवाय एकटा माणूस फलक घेऊन उभा राहिला तरी कायद्याने ती सभाच. तिथल्या मर्लायनच्या पुतळ्यासमोर 'अमुक हटाव'चा फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकायचा बेत असेल तर सोडा. श्रीलंकेत २०२४ च्या सुरुवातीपासून ऑनलाइन सुरक्षा कायदा आहे.

> तपासा: जाण्याच्या काळात तिथे निवडणूक, राजघराण्यातला शोक, युद्ध किंवा साथ चालू आहे का? असेल तर एरवी दुर्लक्षित राहणारी पोस्टही डोळ्यांत येते.

## टप्पा ४ : खाती आवरा

टप्पा २ मध्ये काही सापडलं नसेल तरच हे करा.

पहिलं, प्रत उतरवून घ्या. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स, सगळीकडे आपली माहिती डाउनलोड करण्याची सोय आहे. ती फाइल घरच्या कॉम्प्युटरवर ठेवा, सोबतच्या फोनवर नको. पुढे कोणी 'तुम्ही अमुक लिहिलं होतं' म्हणालं तर नेमकं काय लिहिलं होतं हे तुमच्याकडे असायला हवं. स्क्रीनशॉट कापूनकुपून फिरवणारे पुष्कळ असतात.

दुसरं, स्वतःला शोधा. ब्राउझरच्या खासगी खिडकीत आपलं नाव मराठीत आणि इंग्रजीत टाका. मग नाव आणि नेत्याचं नाव, दोन्ही. मग नाव आणि त्या नेत्याला लोक जे टोपणनाव देतात ते. लोक शेवटचा शोध विसरतात आणि नेमकं तेच सापडतं.

तिसरं, जुनं बंद करा. फेसबुकवर जुन्या सार्वजनिक पोस्ट एका फटक्यात फक्त मित्रांपुरत्या करण्याचा पर्याय प्रायव्हसी सेटिंगमध्ये आहे. ॲक्टिव्हिटी लॉगमधून अनेक पोस्ट एकदम आर्काइव्ह करता येतात. कचरापेटीत टाकलेल्या पोस्ट तिथे ३० दिवस राहतात, त्यामुळे आदल्या रात्री 'डिलीट' करून निश्चिंत होऊ नका. एक्सवर खातं प्रोटेक्ट करा, म्हणजे पोस्ट फक्त फॉलोअरना दिसतील. नेत्याच्या पानाखाली दिलेल्या कॉमेंट वेगळ्या शोधाव्या लागतात. माणसं स्वतःच्या भिंतीवर सभ्य असतात, जीभ सुटते ती दुसऱ्याच्या भिंतीवर.

आता माझं मत. सगळंच पुसून टाकू नका. रस्त्यावरचे खड्डे, लोकलची गर्दी, पालिकेचा कारभार यांवर लिहिलेलं राहू द्या. ज्या देशात जाताय तिथल्या राजघराण्याबद्दल, धर्माबद्दल, मित्रदेशाबद्दल जे आहे तेवढंच आवरा. पंधरा वर्षांचं खातं एका रात्रीत कोरं झालेलं दिसलं की उलट संशय येतो.

## टप्पा ५ : फोन, आणि फोनमधलं व्हॉट्सॲप

हा टप्पा सगळ्यांत जास्त वेळ खातो, कारण इथला मजकूर तुम्ही लिहिलेलाच नसतो.

गिरगावचे एक निवृत्त काका मुलीकडे दुबईला निघाले होते. "मी फेसबुकवर नाहीच," म्हणाले. फोन उघडला तर गॅलरीत चार हजारांवर चित्रं. शाळेची बॅच, सोसायटी, भजनी मंडळ, ट्रेकवाले, प्रत्येक ग्रुपमधला नेत्यांवरचा प्रत्येक विनोद आपोआप उतरलेला. त्यांतल्या दोन-चार चित्रांत अरब शेखही होते. काकांनी ती कधी उघडून पाहिलीही नव्हती.

क्रम असा:

1. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करा. वाय-फाय, डेटा, रोमिंग, तिन्ही.
2. चॅटच्या सेटिंगमध्ये मीडिया गॅलरीत दिसणं बंद करा.
3. मग गॅलरी साफ करा. आधी साफ करून नंतर सेटिंग बदललं, तर मधल्या वेळात नवी चित्रं उतरून गॅलरी पुन्हा भरते.
4. गॅलरीची कचरापेटी, क्लाउडवरचा फोटोंचा बॅकअप आणि फाइल मॅनेजरमधला डाउनलोडचा कप्पा वेगळे पाहा.
5. जे राजकीय ग्रुप सोडता येतील ते सोडा. नातं बिघडेल असं वाटत असेल तर ग्रुप आर्काइव्ह करा आणि आतला मजकूर पुसा. मात्र आर्काइव्ह केलेला ग्रुप फोनमध्ये असतोच, हे विसरू नका.
6. ॲडमिन असाल तर जाण्यापुरतं ते पद दुसऱ्याला द्या. सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. पण तो निकाल दुबईच्या पोलिसांना बांधील नाही.

सहलीचा जो ग्रुप टूर मॅनेजर बनवतो, त्यावर पहिल्याच दिवशी एक ओळ टाकायला सांगा: इथे फक्त वेळा, बस आणि जेवण. ती ओळ टाकणारा मॅनेजर लोकांना खडूस वाटतो. मला तो शहाणा वाटतो.

> सावध: 'सगळ्यांसाठी डिलीट' पाठवल्यापासून साधारण दोन दिवसच चालतं. त्यानंतर पुसलं तर फक्त तुमच्याच फोनमधून जातं.

## टप्पा ६ : व्हिसाच्या अर्जात खाती लपवू नका

मुख्यतः अमेरिकेसाठी. डीएस-१६० अर्जात गेल्या पाच वर्षांत वापरलेली सोशल मीडियावरची नावं मागतात, आता बंद असलेलीसुद्धा. २०१९ पासून हा प्रश्न आहे. जून २०२५ पासून विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिसावाल्यांना खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं, आणि डिसेंबर २०२५ पासून एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वाल्यांनाही.

आता पेच लक्षात आला का? टप्पा ४ मध्ये मी खातं बंदिस्त करायला सांगितलं, आणि इथे उघडं ठेवायला. म्हणून अमेरिकेच्या या व्हिसांसाठी क्रम बदला. मुलाखत होऊन व्हिसा हाती येईपर्यंत खातं सांगितल्याप्रमाणे उघडं ठेवा, खोट्या नावाचं दुसरं खातं असेल तर तेही लिहा. लिहिलेल्या मतापेक्षा लपवलेलं खातं जास्त नडतं, कारण खोटी माहिती हे व्हिसा नाकारण्याचं सरळ कारण असतं. मुलगी शिकायला निघालेली आणि आईबाबा तिचं इन्स्टाग्राम उडवायला लावतात, असं माझ्याकडे दर हंगामात होतं. तसं करू नका.

अमेरिकेच्या सीमेवर अधिकारी फोन तपासू शकतात. त्यांच्या नियमानुसार तपासणी फोनमध्ये असलेल्या मजकुराची असते, नेटवर्क बंद करून. क्लाउडमधलं त्यात येत नाही. पासवर्ड द्यायला नकार दिला तर नागरिक नसलेल्या प्रवाशाला प्रवेश नाकारला जाऊ शकतो. हे आधीच ठरवून जा, काउंटरवर ठरवू नका.

## टप्पा ७ : आदल्या दिवशीचा कागद

फोन जप्त झाला तर फोनमधले नंबर गेले. म्हणून कागदावर, पेनाने लिहून पाकिटात ठेवा:

- त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा किंवा वाणिज्य दूतावासाचा आणीबाणीचा नंबर. अमिरातीत प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा मोफत नंबर ८०० ४६३४२.
- मुंबईतल्या एका वकिलाचा नंबर. नातेवाईक वकील चालेल, पण फौजदारी काम करणारा हवा.
- घरच्या एकाच माणसाचा नंबर. चार नको.
- पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स. दुसरी प्रत घरी.

घरच्या त्या माणसाला परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार कशी करायची ते दाखवून ठेवा.

## टप्पा ८ : तिथे असताना

नियम एकच, पण पाळायला अवघड: उतरल्यापासून परतेपर्यंत राजकारणावर काहीही लिहायचं नाही, लाइक करायचं नाही, फॉरवर्ड करायचं नाही. त्या देशाच्या नाही आणि आपल्याही नाही. लोकांना सुट्टीत वेळ असतो, रात्री हॉटेलवर मुंबईच्या बातम्या दिसतात, हात शिवशिवतो. घरी येऊन लिहा.

लाइव्ह व्हिडिओ अजिबात नको, विशेषतः पोलीस, सैनिक, निदर्शनं, आग, स्फोट असलं काही दिसलं तर. टॅक्सीवाला किंवा शेजारचा प्रवासी "तुमच्याकडचे नेते कसे आहेत?" विचारेल, तेव्हा पावसाबद्दल बोला. मुंबईचा पाऊस हा कुठल्याही देशात चालणारा विषय आहे.

## टप्पा ९ : बोलावणं आलंच तर

परदेशात:

1. आवाज चढवू नका, फोनवर काही पुसायला जाऊ नका.
2. "माझ्या वकिलातीला कळवा," असं स्पष्ट सांगा. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ खाली हा तुमचा हक्क आहे. मागितल्याशिवाय तो मिळेलच असं नाही, म्हणून मागा, आणि किती वाजता मागितला ते लक्षात ठेवा.
3. अरबी, थाई, तुर्की, जी भाषा वाचता येत नाही त्या भाषेतल्या कागदावर सही करू नका. दुभाषा मागा. 'सही करा आणि हॉटेलवर जा' असं गोड बोलून सांगितलं तरी नाही.
4. पोस्ट तुमची आहे की नाही, यावर वकील येईपर्यंत खोटंही बोलू नका आणि खुलासेही देत बसू नका.

दूतावास काय करतो, काय करत नाही, हे घरच्यांना आधी समजलेलं बरं. अधिकारी भेटायला येतो, घरी कळवतो, स्थानिक वकिलांची यादी देतो, तुमच्याशी वागणूक ठीक आहे ना ते पाहतो. तो तुम्हाला सोडवून आणू शकत नाही आणि तिथल्या न्यायालयाला थांबवू शकत नाही.

घरच्यांची हमखास चूक: पहिल्याच तासात 'आमच्या माणसाला वाचवा' अशी पोस्ट, सोबत त्या देशाला चार शिव्या आणि मूळ पोस्टचा स्क्रीनशॉट. म्हणजे गुन्ह्याचा मजकूर नव्याने प्रसिद्ध केल्यासारखंच. स्थानिक वकील हो म्हणेपर्यंत वर्तमानपत्र नाही, आमदार नाही, व्हायरल नाही.

मुंबई विमानतळावर, जाताना किंवा येताना: काउंटरवर बाजूला बसवलं तर तीन गोष्टी विचारून लिहून घ्या: कोणत्या यंत्रणेची एलओसी आहे, गुन्हा कोणत्या पोलीस ठाण्यात, गुन्ह्याचा नंबर काय. इमिग्रेशनचा अधिकारी फक्त अडवतो, त्याच्याशी पोस्टच्या बरोबर-चुकीवर भांडून विमान मिळत नाही. वकिलाला त्या तीन गोष्टी सांगा. अटक झाली तर कारण सांगणं आणि नातेवाईकाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. फक्त जबाब घेऊन सोडलं, तरी एलओसी आपोआप निघत नाही. ती काढायला जिने लावली त्या यंत्रणेकडे लेखी अर्ज, आणि तिथे दाद लागली नाही तर उच्च न्यायालय. पुढच्या तिकिटाचे पैसे हे होईपर्यंत भरू नका.

## टप्पा १० : परतल्यावर

परदेशात असताना काही लिहिलं गेलंच असेल तर निघण्याआधी टप्पा २ पुन्हा करा: पोर्टल, जुने पत्ते, वकील. एफआयआर दिसला तर तिथूनच वकिलामार्फत अटकपूर्व जामिनाचं विचारा, आणि जामिनाचं काय होतं ते कळल्यावर परतीची तारीख ठरवा. खटला उभा राहिला असेल तर पासपोर्टच्या नूतनीकरणाला न्यायालयाची परवानगी लागते. पासपोर्टची मुदत संपायला वर्ष उरलं असेल तर तो अर्ज आत्ताच टाका. बीकेसीच्या पासपोर्ट कार्यालयात जाऊन "खटला चालू नाही" असं लिहून दिलंत तर त्याचा वेगळा गुन्हा होईल.

आणि काही घडलं नसेल, तर घरी आल्यावर व्हॉट्सॲपची सेटिंग परत बदलू नका. गिरगावच्या त्या काकांनी बदलली नाही. पुढच्या खेपेला त्यांचा फोन पाच मिनिटांत झाला, वेळ गेला तो फोटोचा योग्य साइज शोधण्यात.